एकच जखमी

कोर्टाबाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी एक सासरे आणि त्यांची सून बसली होती.

"वकील म्हणतात, अपघातात जखमी एकच. तू."

"आणि माझ्या पोटातली गेली ती, बाबा?"

"जन्माआधी कायदा माणूस धरत नाही म्हणे."

"आपल्या चर्चच्या पाळकांनी तर प्रार्थना करून तिला मातीआड केलं. अख्खी मंडळी रडली."

"देवानं तिला पोटातच ओळखलं होतं, पोरी. कायद्याला मात्र पुरावा लागतो."

"तिच्या लाथा खाल्ल्यात मी. आणखी कसला पुरावा?"

"विचारतील तेवढंच बोल, असं वकिलांनी बजावलंय."

"तुम्ही काय म्हणता?"

शिपायानं पुकारा केला. सासरे तिच्याआधी उठले.

"गाडीत आम्ही दोघी होतो, असं सांग. मी मागेच उभा आहे."