अंबादासमागं उभा असलेला मी

आमच्या टीमचा कपासोबतचा फोटो घरी लावलाय ना, तो पाहून पोरं विचारतात, "पप्पा, यात तुम्ही कुठं?" त्याचं असं झालं.

बास्केटबॉलच्या फायनलच्या सकाळीच आमचा सेंटर, टीममधला सगळ्यात उंच गडी अंबादास, कापूस वेचायला गावी देवगाव रंगारीला निघून गेला. आम्ही जीप घेऊन थेट त्याच्या शेतात. त्याचे वडील म्हणाले, "बास्केट तर तुम्हीच टाकता म्हणं. मंग ह्यो काय करतो तिथं?"

मी म्हणालो, "काका, हा बास्केटखाली घट्ट उभा राहतो, म्हणून आम्हाला टाकायला मिळतं."

"नुसतं उभं राहायला जीप आणली व्हय?" काका हसले, पण पोराला सोडलं.

अंबादासच्या पाठीआडून मी बॉल टाकत राहिलो. आम्ही जिंकलो. हार सगळे माझ्याच गळ्यात.

औरंगपुऱ्यातला फोटोग्राफर ओरडला, "उंच माणूस मागं घ्या!"

"नाय. आज कप घेऊन तोच पुढं," असं म्हणून मी नेमका त्याच्या मागं उभा राहिलो.

फोटोत माझा फक्त एक कान आलाय. लई आवडतो मला तो फोटो. अहो, मॅचमध्ये त्याच्या मागं होतो, म्हणूनच तर मी लोकांना दिसलो!