सलीमभाईचं मेडिकल

बरं वाटतंय म्हणून बीपीची गोळी सोडलीस? मग आमच्या सलीमभाईचं ऐक. माझा चुलतभाऊ, दुबईला क्रेनवर. व्हिसाच्या मेडिकल तपासणीआधी पंधरा दिवस गोळ्या नेमाने घ्यायचा, पास झाला की बंद. वर घरात सगळ्यांना तंबी, "कोणीही विचारलं तरी बीपी नाही म्हणायचं. एजंटला कळलं तर व्हिसा गेला."

यंदा रजेवर आला आणि न्याहारीला बसल्या बसल्या उजवा हात लुळा पडला, तोंड वाकडं झालं. तसाच माणगावच्या दवाखान्यात नेला.

डॉक्टरांनी विचारलं, "बीपीचा त्रास होता?"

भाभी पटकन म्हणाली, "छे, एकदम फिट आहेत." मीही मान डोलावली.

सलीमभाईची वाचा गेली होती. खाटेवरून डाव्या हाताने तो सारखी तोंडात गोळी टाकल्याची खूण करत होता.