एकाच कुळात कसली लपवाछपवी

हॅलो?… कोण, बुरुल? बोल गं… मोठ्यानं बोल, तळण चाललंय. उरमात येतोय पोरांना घेऊन, लेकाला माझ्या हातचे तळलेले बोरसोक लागतात ना… अगं, तू रडतेयस का?

कसली थुंकी?… हो, हो, माहेरच्या मेजवानीत. सात पिढ्यांचं रक्त तपासायचं म्हणून सगळे नळ्यांत थुंकले. उरमातही थुंकला हौसेनं… तू पण? तू कशाला गेलीस मरायला?… साखरेचा आजार आधी कळतो म्हणून! धन्य आहे तुझी!

बरं, मग?… निकालात काय लिहिलंय?… पुन्हा वाच.

'आई आणि मुलगा'… तू आणि उरमात…

थांब, गॅस बंद करते.

हं. अगं ऐक ना, आधी तुझं नाव काढून टाक तिथून… काढलंस? मग झालं तर… कसला तक्ता?… सगळ्यांच्या निकालांचा?… झोलदोशकाकांनी? कुळाच्या ग्रुपवर? नावांसकट?… अगं, नावं कुणाला कळणार नाहीत म्हणून छातीवर हात ठेवून सांगितलं होतं त्यांनी!… काय म्हणाले? 'एकाच कुळात कसली लपवाछपवी'? म्हाताऱ्याच्या जिभेला काही हाड आहे का!

पासवर्ड बदलून काय होणार गं आता? रक्त बदलता येतंय का?…

नाही, त्याला काहीच ठाऊक नाही. कोण सांगणार? ताईची कूस उजवली नाही म्हणून तूच दिलास ना तो मला? आईनं रीतीप्रमाणे तो तान्हा माझ्या झग्याच्या गळ्यातून सरकवून पायाशी बाहेर काढला, म्हणाली, आता हा नुरझादाच्याच पोटचा. आपल्याला तेवढं पुरलं. त्या मशीनला काय पुरणार…

नाही गं, तुला बोल नाही लावत. मला भीती वाटतेय, बुरुल. फार भीती वाटतेय.

तो नाही बघत तो ग्रुप. काकांच्या गप्पांना कंटाळतो… नाहीच बघणार… काय?… दुसरा फोन येतोय तुला? कुणाचा?

…

मला नाही केला… तुला केला.

उचल… अगं, उचल म्हणते ना! पोर तिकडे ताटकळतंय… रडू नको त्याच्यापुढे. आणि काय म्हणून हाक मारतो, ते मला… नको. नको सांगूस. एवढंच सांग त्याला, बोरसोक गरम आहेत… हॅलो?… बुरुल?…