चिकपेटेतला महाल

...नाही, पण मला एक सांगा, जन्मभर पुण्यात राहिलेल्या माणसाला विचारा, बाबा रे, शनिवारवाड्यात शेवटचा कधी गेला होतास? सांगेल, शाळेच्या सहलीत! त्याला कुणी बोल लावतं? नाही! मग मीच काय घोडं मारलंय? लग्न होऊन बेंगळुरूला आले, आमचे हे सरकारी कारखान्यात इंजिनियर, जयनगरात घर, दोन मुलं, सासूबाईंचं पथ्य, डबे, परीक्षा, पाहुणे... यात मी किल्ले कधी बघायचे हो? गॅसवर दूध ठेवून?

पण हे त्या दोघींना कोण सांगणार! संयोगिता आणि अलका. विट्याच्या शाळेत आम्ही तिघी एका बाकावर बसायचो. संयोगिता पुढं मुख्याध्यापिका झाली आणि आता रिटायर झालीय, म्हणजे शाळेतून झालीय, आवाजातून नाही. अलका पहिल्यापासून गरीब. तिला फक्त फोटो काढायला मिळाले आणि वेळेवर खायला मिळालं की झालं. कित्येक वर्षं नुसतं येतो येतो चाललं होतं, आणि यंदा खरंच आल्या. मी तुम्हाला सांगते, पडदे धुतले, चकल्या केल्या, म्हटलं दोन दिवस पाय पसरून गप्पा मारू, शाळेतल्या एकेकीची उणीदुणी काढू... कसलं काय! आल्या आल्या, अजून पाण्याचा पेला हातात, आणि संयोगिता म्हणते, "श्यामले, उद्या शहाजीराजांचा महाल."

म्हटलं, "अय्यो, कुठला महाल?"

झालं! पेला खाली! "शहाजीराजांची जहागीर होती बेंगळूर! चिकपेटेच्या आसपास महाल होता म्हणतात त्यांचा! आणि तुला माहीत नाही? तू इथलीच ना?"

तू इथलीच ना. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढचा सगळा दिवस मी याच्यावर काढलाय.

सकाळी मेट्रोनं निघालो. आधी मार्केटजवळचा किल्ला. आता त्या किल्ल्याचा उरलाय एक दरवाजा, थोडी भिंत, बाहेर बसचे हॉर्न आणि फुलांच्या टोपल्या. आम्ही आत गेलो, फिरलो, बाहेर आलो. अलका म्हणते, "झाला? आणि बाकीचा कुठंय?" जसा काही मी घरी माळ्यावर ठेवलाय! म्हटलं, "एवढाच उरलाय गं." तर संयोगिता लगेच, "नीट चौकशी केलीस का? तू इथलीच ना?" आता किल्ल्याची काय चौकशी करायची असते? अण्णा, आत आणखी स्टॉक आहे का?

तिथून चिकपेट. तुम्ही चिकपेट पाहिलीय का? नसेल तर पाहू नका. गल्ली एवढीशी, त्यात स्कूटर, हातगाडी, साड्यांचे गठ्ठे डोक्यावर घेतलेला हमाल, आणि त्या सगळ्यांच्या मधोमध आमची संयोगिता, हात वर करून, "इथून पूर्वेकडे तट असणार!" मागून लोक ओरडतायत, "सैड, सैड!" म्हणजे साइड द्या, बाजूला व्हा. ही हलायला तयार नाही. एका पोपडे आलेल्या भिंतीला हात लावून म्हणते, "या विटा बघ, जुन्या आहेत!" म्हटलं, बाई, विट्याची आहेस म्हणून काय प्रत्येक विटेशी नातं सांगणार का?

"विचार ना कुणाला तरी! तुला कन्नड येतं, तू इथलीच ना?"

विचारलं. स्टीलच्या भांड्यांचं दुकान होतं. "अण्णा, इल्ली अरमने एल्लिदे?" म्हणजे इथं राजवाडा कुठंय? तो म्हणतो, "अरमने? वसंतनगर होगि मेडम!" तो तिकडचा इंग्लंडच्या धर्तीचा पॅलेस सांगत होता. दुसऱ्याला विचारलं, वसंतनगर. तिसऱ्यानं तर रिक्षाच थांबवली! अलका म्हणते, "एवढे सगळे सांगतायत तर तिकडंच जाऊ या ना, फोटो चांगले येतील." संयोगितानं तिच्याकडं असं पाहिलं की बिचारी पिशवीतली चकली खायला लागली.

मग संयोगितानं सूत्रं स्वतःकडं घेतली. समोर चेन-बटणांचं होलसेल दुकान. ही तरातरा चढली आणि गल्ल्यावरच्या माणसाला तिच्या त्या विट्याच्या हिंदीत, "भाईसाब, शहाजी किधर रहते थे?"

तो म्हणतो, "थे मतलब?"

"मतलब पहले किधर रहते थे!"

"अरे मॅडम, शहाजी अभी तो इधर बैठे थे! चाय पीने गये! ...ओ छोटू, शहाजी को बोल, घर से लेडीज लोग आये है!"

आणि आले की हो शहाजी! खरंच आले! गुजराती गृहस्थ, आडनाव शहा, पांढरा सफारी, हातात चहाचा ग्लास, चेहरा घाबरलेला. "बोलिये बहनजी?" आता तुम्ही सांगा, माणसानं हसू नये? मी हसले! दाराला धरून हसले, डोळ्यांतून पाणी आलं माझ्या! अलका तर त्या शहाजींबरोबर फोटो काढायला पुढं झाली!

संयोगिता पायरी उतरली आणि भर रस्त्यात, सगळ्या दुकानदारांसमोर म्हणाली, "हसतेस? तुला काय त्याचं! ना मराठी धड राहिलीय तुझी, सारखं मधेमधे आपलं कन्नड स्वल्प आणि सरी, ना इथलं काही माहीत. तू आता आमची राहिलीच नाहीस, श्यामल."

श्यामल. श्यामले नाही, श्यामी नाही. श्यामल.

तुम्हाला सांगते, मी वळले आणि चालायला लागले. कुठं चाललेय ते बघितलं नाही. एका बंद शटरच्या पायरीवर जाऊन बसले. विट्याला गेले की म्हणतात, बेंगळूरची पाहुणी आली. आणि इथं? केस पांढरे झाले माझे या गावात, तरी भाजीवाली तोंड उघडलं की विचारते, "नीवु यावूरु अम्मा?" तुमचं गाव कुठलं? काय सांगू तिला? त्या दोघी आल्या तेव्हा वाटलं होतं, चला, दोन दिवस तरी हा प्रश्न नाही... इतकी रडले तिथं की समोरचा फुलवाला येऊन पाण्याची बाटली ठेवून गेला.

आणि पाणी पिताना माझ्या पिशवीत काहीतरी वाजायला लागलं. बघते तर संयोगिताचा फोन! सकाळी घरी चार्जिंगला लावायला माझ्याकडं दिला होता, तो निघताना माझ्याच पिशवीत राहिला. अलकाचा फोन फोटो काढून काढून शहाजींपाशीच मेलेला. दोघींना कन्नडचा एक शब्द येत नाही. घराचा पत्ता? "जयनगरात श्यामलकडे!" संपलं!

अहो, मी धावले! या वयात, चिकपेटेत, साडी वर धरून! शहाजींच्या दुकानी नाहीत. साड्यांच्या दुकानांत नाहीत. दिसेल त्याला विचारते, "इब्बरु हेंगसरु, दोन बायका, एक उंच, एक खातेय!" लोक बाजूला होतायत, म्हणतायत, पाप, पाप, म्हणजे त्यांच्या भाषेत बिचारी... संयोगिताला रक्तदाब आहे हो! भांडण भांडणाच्या जागी, पण काही झालं असतं तर मी विट्याला तोंड काय दाखवलं असतं?

आणि एका अरुंद जिन्यावरून आवाज आला. खणखणीत. "अहो पण तुम्ही लेंगऱ्याचे की पाऱ्याचे?" आमच्या विट्याशेजारची गावं ही! संयोगिताच!

जिना चढले. वर छोटीशी खोली, कोपऱ्यात भट्टी, मुशी, चिमटे. गलाईचं दुकान! आपल्याकडची माणसं जुनं सोनं गाळून शुद्ध करून द्यायचा धंदा करत गावोगाव गेलीत ना, त्यांतलेच नरसिंहअण्णा. आणि मध्ये सतरंजीवर या दोघी, हातात चहा! अण्णांची सून प्रांजली कांदेपोहे वाढतेय! मी इकडं अर्धी मेलेली, आणि अलका म्हणते, "ये गं, पोहे गरम आहेत."

अण्णा म्हणाले, "या ताई, बसा. ह्या ताई खाली रस्त्यात रडत हुत्या, मैत्रीण हरवली म्हनून. मराठी आयकली आन् वर घिऊन आलो."

मैत्रीण हरवली म्हणून! मी संयोगिताकडं बघितलं. ती पोह्यांकडं बघत होती. नाक लाल. मग हळूच सरकली, सतरंजीवर जागा केली आणि माझा हात असा घट्ट धरला की बांगडी रुतली. "परत अशी जाऊ नकोस, श्यामे." बस. माफी नाही, काही नाही. मुख्याध्यापिका आहे, एवढंच यायचं.

पण पुढचं ऐका! डोळे पुसले आणि लगेच अण्णांना, "इथं शहाजीराजांचा महाल कुठं होता हो?"

अण्णा म्हणतात, "म्हाल? आवो ताई, पोरवयात आलो, तवापास्नं ह्या आगीम्होरं बसलोय. चिकपेट तरी कुटं धड बघितलीय!"

आणि संयोगिता काय म्हणाली असेल? "बरोबरच आहे हो! पोटापाण्याच्या धबडग्यात माणसाला कुठला वेळ!"

ऐकलंत? अण्णांना वेळ नाही, ते बरोबर! आणि मी? मी काय इतकी वर्षं झोपाळ्यावर बसून होते?

असो. महाल राहिला. त्या दोघी परवा गेल्या, गाडीत बसेपर्यंत प्रांजलीच्या पोह्यांचं कौतुक चाललं होतं. मी म्हटलं, सुटले. पडदे परत काढले, पाय पसरले... आणि आज सकाळी फोन. "मावशी, मी प्रांजली. आमच्या गावाकडची माणसं आलीत, त्यांना बेंगळूर बघायचंय. संयोगिताताई म्हणाल्या, श्यामलमावशींना इथली खडान्‌खडा माहिती आहे!"

नाही म्हणणार होते हो मी. अगदी ओठांवर आलं होतं. पण ती मावशी म्हणाली ना... या गावात मला अम्मा म्हणतात, आंटी म्हणतात, मेडम म्हणतात. मावशी कुणी म्हटलं नव्हतं.

तेव्हा रविवारी येतायत सगळे. आणि तुमच्यापैकी कुणाला तो महाल नक्की कुठं होता ते ठाऊक असेल, तर कृपा करून आत्ताच सांगा... कारण मी दाखवते म्हणून बसलेय.