मांडीवरचा ताल

चहा घ्या गं, सांगते. मध्यभारताचे दिवस ते. तुकोगंजात आमच्या शेजारी मद्रासकडच्या जयम्मा राहायच्या. रोज सकाळी त्यांचं कर्नाटकी गाणं चालायचं आणि मुलगी शेजारी बसून मांडीवर ताल द्यायची. ती मुलगी तापाने गेली आणि गाणंच बंद झालं. जयम्मांनी पुन्हा गावं म्हणून मी सोळा सोमवार धरले.

शेवटच्या सोमवारआधीच्या शनिवारी त्यांना टॉकीजमध्ये नेलं, जरा मन रमेल म्हणून. नेमकी पडद्यावर अंगाई लागली. त्या उठल्याच. “बहनजी, घर चलो.”

रविवारी मी उद्यापनाचे गहू निवडत होते, तर त्या आपणहून आल्या. मी दोन पाट मांडले.

“कल आपका सिनेमा बिगाड़ दिया. आज गाती हूँ.”

दोन ओळी झाल्या आणि आवाज अडला. नजर शेजारच्या रिकाम्या पाटावर. मला राहवेना. मी त्या पाटावर बसून ताल धरला, आपला भजनातला, दुसरा कुठला येतोय!

“गलत है, बहनजी. सब गलत.”

मी ओशाळून हात आवरला. त्यांनी तो धरून परत माझ्या मांडीवर ठेवला.

“रुको मत. वो भी गलत ही देती थी.”