आधी माहिती, मग मासा

हॅलो?

हां, बोल… नाही गं, झोपलो नव्हतो. कुठवर आलात?… पेट्रोलपंपापाशी? कुठल्या, आपल्या रस्त्यावरच्या?… इतक्यात?… नाही नाही, या ना. सावकाश या म्हणतोय. जावयाला म्हणावं घाई करू नको, वाटेत चहा घ्या कुठेतरी.

माझ्या आवाजाला काय धाड भरलीये? नेहमीसारखाच आहे.

बरं, ऐक ना. फोन स्पीकरवर नाही ना?… आणि चिमी कुठेय? मागे, आईजवळ?… जागी आहे? मग तू खिडकीकडे तोंड कर आणि नुसतं हो, हो म्हण. चेहरा पाडू नकोस.

ढब्बू आडवा झालाय.

आडवा म्हणजे आडवा. कुशीवर… मासे कुशीवर झोपत नाहीत हे मलाही माहीत आहे, म्हणून तर सांगतोय… नाही, नाही, जिवंत आहे. कल्ले हलताहेत. मधूनच वर येतो, तोंड उघडतो, मिटतो, आणि तिरका होऊन परत खाली… सकाळपासून. काल जरा मलूल वाटला होता. मला वाटलं, चिमी नाही म्हणून रुसला असेल.

पाणी?

…

नाही बदललं… नाही बदललं म्हणतोय ना. हो, तू निघताना सांगितलं होतंस. बुधवारी बदला म्हणून… विसरलो नव्हतो गं. उलट बुधवारी सकाळी आंघोळ आटोपून त्याच कामाला बसलो होतो. म्हटलं, हात घालण्याआधी पाण्याबद्दल आपण काय काय जमवलंय ते एकदा बघून घेऊ. तर एक म्हणतो अर्धं बदला. दुसरा म्हणतो पाव. तिसरा म्हणतो, सगळं बदललंत तर मासा धक्क्यानेच जाईल. आता अशात माणसाने करायचं काय? म्हटलं, आधी हे सगळं एका जागी नीट लावून घ्यावं…

हो, लावलं ना. 'पाणी बदलणे' असा वेगळा फोल्डर केलाय. त्याच्या आत 'मते', आणि 'विरुद्ध मते'.

हसू नकोस… बरं मग रडूही नकोस, चिमी बघेल.

बादली? आहे. बाथरूममध्येच आहे, तू भरून ठेवलेली. वर ताटलीही तशीच आहे… अगं, ओतायला काय, मिनिटाचं काम. पण चुकलं म्हणजे? एवढासा जीव तो. त्याच्यावर अंदाजपंचे प्रयोग करायचे का मी?

ऐक, ऐक ना. मला हे माहीत आहे. म्हणजे वाचलंय मी. नेमकं हेच. मासा आडवा होतो, वर येऊन धापा टाकतो, असं का होतं, आणि मग पायरीपायरीने काय करायचं. एका बाईंनी लिहिलंय, जन्मभर मासेच पाळलेत त्यांनी. इतकं मुद्देसूद लिहिलंय की दोन ओळी वाचल्या आणि तिथेच थांबलो. म्हटलं, हे घाईगर्दीत वाचून संपवायचं नाही, हे ठेवणीतलं आहे. जपून ठेवलं.

कुठे ठेवलं तेच तर शोधतोय सकाळपासून.

कॉम्प्युटरवरच बसलोय. टँक शेजारी आहे, टेबलावर. एक डोळा इकडे, एक डोळा तिकडे… सगळं पाहिलं. 'मासे' पाहिला. 'मासे नवे' पाहिला. 'मासे पक्के', 'महत्त्वाचे', 'अति महत्त्वाचे'… 'अति महत्त्वाचे'मध्ये तर नुसतं टँकच्या दिव्यांबद्दल आहे. 'निवांत वाचू' उघडलाय आता, पण तो काही संपायचं नाव घेत नाही. शिवाय मी मलाच पाठवलेल्या मेल आहेत. शिवाय फोनवरून काढलेले पडद्याचे फोटो आहेत, त्यात तर विचारू नकोस, तुझ्या गुडघ्याचा एक्स-रे मला आतापर्यंत किती वेळा दिसला.

शोधून पाहिलं. 'मासा' टाकून पाहिलं. 'मासा' टाकलं तर सगळंच येतं, तिथे दुसरं आहे काय?… 'आजारी मासा'ही टाकलं. ते पान उघडलं तर म्हणे, हे पान आता उपलब्ध नाही. अरे, मग मी ठेवलं काय इतकी वर्षं? नुसती दारावरची पाटी?

दुकानवाला? केला फोन. दोनदा केला. आज बंद असतं त्याचं.

काय?… नाही, तू बोल, बोल. बोलून घे.

…

हो. बरोबर आहे तुझं. इतकी वर्षं नुसतं वाचून जमवत राहिलो, घरात कधी मासा नव्हता… मी आणला नाही, कारण माझी तयारी पुरी व्हायची होती. आधी माहिती, मग मासा, असं ठरलं होतं आपलं… बरं, माझं. माझं ठरलं होतं. पण अर्धवट माहितीवर जीव घरात आणायचा का, तू सांग… हो, आता आलाय. आता आलाच आहे ना.

अगं, मी रेकॉर्डरूममध्ये जन्म घालवलाय. कुठलाही कागद मागा, साहेबांचा चहा निवायच्या आत टेबलावर हजर. साहेब म्हणायचे, याच्या डोक्यातच कपाट आहे. पण तिथे कागदाला धूळ होती, दोरी होती, वास होता. कुठला जाडा, कुठला कुरतडलेला, हाताला कळायचं. इथे सगळं एकाच रंगाचं. कुठलंही उघड, सारखंच दिसतं. मला काही सुचेनासं झालंय बघ.

डोक्यात?… नाही. डोक्यात काही नाही राहिलेलं. खरं सांगतो, एक अक्षर आठवत नाहीये. जपून ठेवलं की डोक्याला वाटतं आपलं काम झालं.

ऐकतेयस ना?… नाही गं, तो परत वर आलाय. तोंड उघडतोय. माझ्याकडेच बघतोय असं वाटतं. म्हणजे मासे बघतात की नाही त्याबद्दलही कुठेतरी आहे माझ्याकडे…

चिमीने तो तुला नाही दिला. स्वतःच्या आईला नाही दिला. माझ्या हातात दिला आणि म्हणाली, आजोबांना माशांचं सगळं माहीत आहे. तुम्ही सगळे फिरायला निघालात आणि मी एकटा मागे राहिलो, ते कशासाठी? मला समुद्र आवडत नाही म्हणून? ती काय म्हणेल याची भीती नाही वाटत मला. ती काही बोलणारच नाही, नुसती बघेल. ते मला नाही सोसायचं.

काय?… नको. नको देऊस फोन. सांग आजोबा बाथरूममध्ये… अगं तू आत्ता माझ्याशीच बोलतेयस, हे तिला…

हां बेटा… हो, आजोबाच बोलतायत… ढब्बू ना? आहे की. इथेच आहे, माझ्यासमोर… काय करतोय? पडलाय जरा… हो, दमलाय… नाही, मी ओरडलो नाही त्याला… तू काय आणलंस?… शिंपला? एवढा मोठा? मग त्यात तो दडून बसेल की… हो, आल्यावर ठेवू आपण दोघं मिळून… मी? मी शोधतोय बेटा. त्याला बरं वाटावं म्हणून काय करायचं ना, ते लिहून ठेवलेलं आहे… हो, माहीत आहे मला सगळं. फक्त ठेवलंय कुठे, ते… सापडेल. दे, आजीला दे फोन.

…

हं.

ऐकलं ना काय म्हणाली.

बरं. ओततो. ओततो म्हणतोय ना, चिडू नकोस… बादली आणली. अगं फोन मानेत धरून बादली उचलायची म्हणजे… आणली, आणली. आता किती काढू आधी? अर्धं? का पाव?… तुझ्या अंदाजाने म्हणजे किती?… तांब्या घेतलाय हातात. थांब, ही खिडकी तेवढी बंद करतो, पडद्यावरची. कोपर लागून काहीतरी उघडलं भलतंच…

थांब.

थांब, थांब, थांब. एक मिनिट… अगं, हेच. हेच ते. सापडलं.

वेगळाच फोल्डर आहे. 'चिमीचा मासा'. मीच केला होता, ती ठेवून गेली त्याच संध्याकाळी. ह्याच्यात दुसरं काही नाही, एवढं एकच आहे. वर तारासुद्धा दिलाय मी… कसा विसरलो? मला काय माहीत कसा विसरलो.

नाही, अजून ओतलं नाही. आता कशाला अंदाज, आता सगळं समोर आहे की. वाचून दाखवतो, तू ऐक. चष्मा… हां. 'मासा आडवा होऊन वर धापा टाकत असेल, तर पुढचं वाचत बसू नका. आधी अर्धं पाणी बदला, आणि मग…'

…

हॅलो?… हो, आहे. आहे मी.

हो. पहिलीच ओळ आहे.

…

बघतोय… खाली आहे. तळाशी… हालचाल नाही दिसत. कल्ले नाही हलत गं… हो, काचेवर टिचकी मारली… पुन्हा मारली. हळूच मारली.

काढतोय पाणी. काढलं, अर्धं काढलं… आता ओततोय. कडेने ओततोय, काचेला लावून. एकदम ओतलं तर त्याला धक्का बसेल… ओतू दे मला. तू बोलू नकोस, मी ओततोय ना…

हं… हं… नाही. अजून नाही काही.

कुठे आहात?… आपल्या गल्लीत? वळलात?… जरा थांबव ना गाडी. काहीतरी कारण काढ… बरं. बरं, या.

कोण, चिमी? काय विचारतेय?… सापडलं का म्हणून?

…

हो. सांग तिला, सापडलं.

ठेवतो आता. माझे हात ओले आहेत.