रंगूबाईच्या कौलांवरची पिन

मुख्तार : साधा प्रश्न विचारतोय, सुम्बुल. आपल्याकडे विकायला आलेली चांगूची जमीन ओढ्याच्या अलीकडे. वेबसाइटच्या नकाशावर पिन दिसतेय पलीकडे, या मावशींच्या घरावर. मग घसरली का नाय?

सुम्बुल : पिन घसरत नाही, चाचा. ती दोन आकड्यांवर उभी असते, अक्षांश आणि रेखांश. कुणी ते आकडे बदलल्याशिवाय ती जागची हलत नाही.

मुख्तार : गेल्या आठवड्यात तू नकाशाला कुलूप घातलंस. तोवर सगळं नीट होतं.

सुम्बुल : कुलूप वेगळ्या कारणासाठी होतं. आपल्या नावावर घेतलेला नकाशा दुसरीच कुठली वेबसाइट वापरत होती. आता तो फक्त आपल्या वेबसाइटवर उघडतो. एवढंच.

मुख्तार : आणि वेबसाइटवर जायला रोज उठून ते मोबाईलवर आलेले सहा आकडे टाकायला लावतेस, ते?

सुम्बुल : तुम्ही पासवर्ड एजंटांच्या ग्रुपवर टाकलात, म्हणून.

मुख्तार : जमिनीचा धंदा असाच चालतो, बेटा. जमीन माझ्याकडे, गिऱ्हाईक दासगावच्या तौकीरकडे. त्याला आत यायला नको? बी.एस्सी.ला हे शिकवलं नाय वाटतं.

रंगूबाई : तुमचं भांडण मागनं करा. मी पोलादपुरावरनं सकाळच्या एष्टीनं आलेय, दुपारची गाठायची हाय. माज्या घरावरचा तो लाल ठिपका कधी काढताय?

मुख्तार : काढतोय, मावशी. ही मुलगीच काढणार. वेबसाइट तिनेच बनवलीय.

रंगूबाई : मंगळवारी एक गाडी आली, गुरुवारी दोन. एक जण न इचारता पडवीत शिरला, पावलं मोजत चुलीपर्यंत गेला. मला म्हंतो, आजी, तुम्ही इथल्या राखणदार काय?

सुम्बुल : मग तुम्ही काय म्हणालात?

रंगूबाई : म्हटलं, व्हय, चाळीस वर्सं राखतेय. पगार अजून ठरायचाय.

मुख्तार : त्यांना मीच पाठवलं. फोनवर म्हणाले, पोलादपूरच्या वरची वाडी. मला वाटलं, चांगूचीच. तिकडून दुसरं कोण विकतंय?

सुम्बुल : त्यांना विचारायचं तरी, नेमकी कुठली जाहिरात.

मुख्तार : दिवसाला तीस फोन येतात. आधी मी गिऱ्हाइकाला गाडीत घालून न्यायचो, बांधावर उभं करून दाखवायचो. तेव्हा कधी कुणाच्या चुलीत नाय शिरलं कोण.

सुम्बुल : एक मिनिट. चाचा, चांगूकाकांची पिन ओढ्याच्या अलीकडेच आहे. ही बघा. जिथे तुम्ही सांगितलीत तिथेच.

मुख्तार : मग ही कुठली?

सुम्बुल : ही दुसरी. जाहिरातच वेगळी आहे. घरासह अकरा गुंठे, डांबरी रस्त्यापासून चालत पाच मिनिटं.

मुख्तार : हे मी लिहिलेलं नाय.

सुम्बुल : मालकाने लिहिलंय. मालकांसाठी मी फॉर्म दिलाय ना. नकाशावर जमिनीचे चार कोपरे टिपायचे, नाव द्यायचं, मोबाईलवर आलेला नंबर टाकायचा. मग ते तुमच्याकडे मंजुरीला येतं.

मुख्तार : माझ्याकडे नाय आलं.

सुम्बुल : आलं होतं. मागच्या रविवारी सकाळी नऊ चाळीसला तुम्ही सदतीस जाहिराती एका मिनिटात मंजूर केल्यात.

मुख्तार : लेकीच्या, उमैमाच्या सासरी दावतीला निघालो होतो. मोबाईल सारखा वाजत होता. दाबलं बटण.

सुम्बुल : मंजुरी ठेवली ती तेवढ्यासाठीच, की कुणीतरी एकदा वाचावं.

रंगूबाई : कोण मालक म्हणालीस गो? मालक तर मी हाय.

सुम्बुल : बघते. नाव दिलंय की. मावशी, हृतिक कोण तुमचा?

रंगूबाई : माजा मुलगा. भांडुपला असतो. त्याचं काय?

(सुम्बुल स्क्रीन मुख्तारकडे वळवते. जाहिरातीवर मालक म्हणून हृतिकचं नाव आहे.)

मुख्तार : काय नाय, मावशी. चुकून दाबलं गेलं असेल त्याच्याकडून. माझ्यासारखंच.

सुम्बुल : चुकून कसं, चाचा? चारही कोपरे बरोबर टिपलेत. परसातली विहीर आत घेतलीय.

मुख्तार : सुम्बुल, पुरे.

रंगूबाई : विहीर पण?

मुख्तार : मावशी, पाणी प्या आधी. आणि ऐका. सातबाऱ्यावर नाव कुणाचं?

रंगूबाई : माजं. धनी गेले तेव्हा माजंच लागलं.

मुख्तार : मग झालं तर. तुमच्या अंगठ्याशिवाय एक इंच विकता यायचं नाय. नकाशावर किती पण टिपू दे त्याला.

रंगूबाई : अंगठा कुठं देयाचा असतो?

मुख्तार : इथेच, महाडला. रजिस्टर ऑफिसात.

रंगूबाई : म्हंजे मला घेऊन यायला त्याला गावी यावं लागंल.

मुख्तार : यावंच लागेल. पण तुम्ही अंगठा द्यायचाच नाय.

रंगूबाई : ते मी बघीन. दोन गणपती झाले, आला नाय तो. पैसे धाडतो वेळेवर. फोनवर म्हंतो, सुट्टी नाय.

सुम्बुल : मावशी, मी आत्ताच काढते. आणि हे घर परत कुणी टाकलं तर आधी मला कळेल, अशी सोयही करते.

रंगूबाई : थांब गो.

सुम्बुल : एकच बटण आहे.

रंगूबाई : थांब म्हटलं ना. राहू दे ठिपका.

मुख्तार : आल्यापासून काढा, काढा म्हणून जीव खाल्लात, आणि आता राहू दे?

रंगूबाई : गिऱ्हाइकाला घर दावायला मालक लागतो ना, मुख्तारशेठ?

मुख्तार : लागतो.

रंगूबाई : मग त्यांना त्याचाच नंबर द्या. माजं नाव नका काढू.

सुम्बुल : पण रोज कुणीतरी तुमच्या घरात शिरेल. असं करू या का? पिन बाकी सगळ्यांपासून लपवते. फक्त हृतिकच्या मोबाईलवर दिसेल. त्याला वाटेल जाहिरात चालू आहे, आणि गाड्या यायच्या बंद होतील.

रंगूबाई : गाड्या बंद झाल्या तर तो कशाला येईल गो?